डाग धुण्यापूर्वी डाग वाचावा

ऊसतोड उरकत आली की वारणेच्या खोऱ्यात सायंकाळच्या वेळी शेतांतून पाचट पेटवले जाते. दोरीवर वाळत घातलेली धोतरे, पंचे, उशांचे अभ्रे काढायला जावे, तो त्यांवर काजळीचे बारीक काळे तुकडे येऊन बसलेले असतात. घाईने हात फिरवला की तुकडा चिरडतो आणि बोटभर लांबीचा काळा फराटा उमटतो. वारणानगरला राहणारी माझी आत्या अशा वेळी कोणाला कापडाला हात लावू देत नसे. ‘आधी बघ, मग झटक, मग पाण्यात घाल,’ असा तिचा क्रम होता. कोरडी काजळी कोरडीच झटकली तर उडून जाते. ओली झाली, चोळली गेली की धाग्यात शिरून बसते. घरातील प्रत्येक कापडासाठी आत्याने हा क्रम आयुष्यभर पाळला. स्वतःच्या एका कपड्याच्या बाबतीत मात्र तिने तो मोडला. त्या प्रसंगाकडे पुढे येऊच.

घरातील कापडे पिवळी, काळपट, डागाळलेली का होतात, हा प्रश्न वरवर पाहता धुणे-भांड्यांचा आहे. परंतु घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर तोच प्रश्न आरोग्याचा होतो. चादर, अभ्रा, पायमोजा, परकर ही कापडे दिवसरात्र शरीराला लागून असतात. पाण्याचा दोष, साबणाचा अतिरेक, औषधाचा गुण आणि शरीरातील बिघाड या साऱ्यांची खूण त्यांच्यावर उमटते. म्हणून डाग काढण्याची घाई करण्यापूर्वी तो कशाचा आहे, हे ओळखण्याची सवय प्रत्येक घरात हवी.

पाणी आणि साबण

आपल्या भागातील विहिरी व बोअर यांचे पाणी काळ्या दगडातून झिरपत येते आणि येताना चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबण आणि क्षार यांच्या संयोगाने एक चिकट, न विरघळणारा साका तयार होतो व तो कापडाच्या धाग्यांत अडकतो. पांढरे कापड हळूहळू करडे, राठ आणि खरखरीत होते ते यामुळे. चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर जमत असेल, तर कपड्यांचा करडेपणा कोठून आला हे शोधण्यासाठी दूर जायला नको. आपल्या आज्या पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरून ठेवत आणि त्यात केस धूत, डाळ शिजवत. पावसाच्या पाण्यात हे क्षार नसतात, एवढेच त्यामागचे गमक.

पावसाळ्यात नदीच्या पाण्याची तऱ्हा निराळी. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड आहे. त्याच्या मातीचा तांबूस रंग लोहाच्या संयुगांचा असतो. गढूळ पाण्यात धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर हीच तांबूस छटा चढते. खिळा, लोखंडी तार किंवा गंजलेली बादली यांचे डागही याच जातीचे. त्यांवर ब्लीच वापरल्यास डाग जात नाही, उलट पक्का होण्याची भीती असते. लिंबाचा रस व मीठ लावून कापड उन्हात ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावे, हा जुना उपाय येथे उपयोगी पडतो, कारण आम्लात गंज विरघळतो.

चादरी आणि अभ्रे पिवळे पडण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र आपल्या त्वचेतून पाझरणारी स्निग्धता हे आहे. घाम लगेच धुतला जातो. त्यासोबतचा तेलकट अंश धाग्यात उरतो आणि हवेतील प्राणवायूच्या संयोगाने पिवळा पडतो. ट्रंकेत घडी घालून ठेवलेले पातळ किंवा धोतर न वापरताही पिवळे होते, याचे एक कारण घडीत राहून गेलेली हीच स्निग्धता व साबणाचा अंश असते. नीळ घातल्याने हा मळ निघत नाही. निळसर छटेमुळे पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही, इतकेच. धुण्याच्या पावडरींमध्येही कापड उजळ भासविणारी द्रव्ये घातलेली असतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कापड पांढरे दिसावे म्हणून पावडर वाढवीत जाणे वृद्धांच्या दृष्टीने अहितकारक ठरते. वयाबरोबर त्वचा कोरडी व पातळ होते. कापडात राहिलेली पावडर तिला सतत खाजवीत राहते. रात्री अंग खाजते, झोप मोडते आणि घरातील माणसे अन्नातील पथ्य शोधत बसतात. अशा वेळी पावडर निम्मी करावी आणि एक पाणी जास्त काढावे. चादर थोडी कमी पांढरी दिसेल, परंतु अधिक स्वच्छ असेल. चिंध्यांची वस्त्रे पांघरून हाती खराटा घेणाऱ्या गाडगेबाबांनी स्वच्छतेचा धडा साऱ्या महाराष्ट्राला दिला. शुभ्रता आणि स्वच्छता या एकच गोष्टी नव्हेत, हे त्यांच्याकडे पाहूनही कळावे.

हळद, चहा, पान आणि मिश्री

आमची वारणा खाली हरिपूरला कृष्णेस मिळते आणि तेथून जवळच सांगलीची हळदीची पेठ आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो आणि अनेक जण दचकतात. कारण सोपे आहे. हळदीतील रंगद्रव्य चुना, सोडा, साबण यांच्या सान्निध्यात लालसर होते; हळदीपासून कुंकू तयार करण्यामागेही हेच तत्त्व आहे. लिंबाचा थेंब टाकला की तो लाल डाग पुन्हा पिवळा होतो. हळदीचा रंग उन्हात मात्र टिकत नाही. कापड धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात घातले तर डाग आपोआप फिका पडतो. वृद्ध माणसाला जेवण भरविताना सांडलेल्या आमटीच्या डागासाठी याहून अधिक खटाटोप करण्याची गरज नाही.

चहा, केळीचा चीक, आवळा, काजूचे बोंड यांच्या डागांत तुरट द्रव्ये असतात. ती हवेत राहून गडद होतात व लोखंडाशी गाठ पडली की काळी होतात. म्हणून असे डाग ताजे असतानाच साध्या पाण्याने धुवावेत.

उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग दिसला की मनात रक्ताची शंका येते. पान खाणाऱ्या आजोबांच्या लाळेत कात आणि चुना यांचा लाल रंग असतो. मिश्री लावणाऱ्या आजींच्या उशीवर तपकिरी ओघळ दिसतो. हे डाग ओळखीचे असतात. परंतु ‘पानाचाच असेल’ असे समजून पुढे जाऊ नये. पान-मिश्री दोन दिवस बंद ठेवून स्वच्छ अभ्रा घालावा. त्यावरही लाल डाग उमटला, तर दात, हिरड्या व तोंड तपासून घ्यावे. तंबाखू आणि मिश्री यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, हे सांगण्याची गरज नसावी. तरीही सांगितलेले बरे.

पावसाळ्यातील काळे ठिपके

पन्हाळ्याच्या बाजूला आषाढ-श्रावणात आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. ओलसर राहिलेल्या टॉवेलवर, वाकळीच्या काठांवर काळे बारीक ठिपके पडतात. ही बुरशी असते. ती सुती धाग्यावर वाढते आणि तिचा रंग धाग्यात उतरतो. त्यामुळे बुरशी मेली तरी ठिपका राहतो. ठिपका राहिला याचे दुःख नाही, ओल राहता कामा नये. दमा अथवा जुना खोकला असणाऱ्या वृद्धांच्या उशाशी कुबट वासाची वाकळ ठेवू नये. पाऊस असेल तेव्हा कपडे पंख्याखाली पूर्ण वाळवावेत, इस्त्री फिरवावी आणि मगच घडी कपाटात ठेवावी.

स्वयंपाकघरातील फडक्यांनाही हाच नियम लागू आहे. ओट्याचे फडके, हात पुसण्याचा पंचा आणि जमिनीचे पोतेरे ही तीन वेगळी असावीत. बुळबुळीत आणि आंबूस वासाचे फडके जंतूंनी भरलेले असते. ते पाण्यात उकळून उन्हात वाळवावे. भांडी पुसण्याच्या फडक्यावर हळदीचा पिवळा डाग असला तरी चालेल, पण ते रोज कोरडे व्हायला हवे.

औषधांचे रंग

घरातील शुश्रूषा करणाऱ्यांना सर्वाधिक घाबरविणारे डाग औषधांचे असतात. त्यांतील काही आधीच माहीत असले तर निष्कारण धास्ती वाटत नाही.

क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी, घाम आणि अश्रूसुद्धा नारिंगी होतात. अंतर्वस्त्रांवर आणि अभ्र्यांवर तो रंग उतरतो. हे अपेक्षित आहे, त्यासाठी औषध बंद करू नये. मात्र डोळे पिवळे दिसू लागले, भूक गेली, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाने घाम व लाळ काळपट होऊ शकते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा-हिरवट होतो.

जखमेवर लावण्याचे पोव्हिडोन आयोडीन कापडावर तपकिरी डाग पाडते. पण खळ घातलेल्या धोतरावर तेच निळे-काळे दिसते, कारण खळीतील पिष्ठ व आयोडीन यांचा तो गुण आहे. ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून त्या पाण्याने तो डाग पुसला की रंग उडतो. जखम धुण्यासाठी किंवा गुळण्यांसाठी क्लोरहेक्सिडिन वापरले असेल, तर ते लागलेले कापड ब्लीचमध्ये घालू नये. दोहोंच्या संयोगाने असा तपकिरी डाग पडतो की तो मग निघत नाही.

कोरड्या त्वचेसाठी लावण्यात येणाऱ्या व्हॅसलिनसारख्या स्निग्ध मलमांविषयी विशेष सांगावेसे वाटते. ही मलमे कपड्यांत व चादरीत मुरतात आणि धुतल्यावरही पूर्णपणे जात नाहीत. असे कापड ठिणगी लागताच भरभर पेटते. म्हणून मलम लावलेल्या आजींनी समईजवळ पदर सांभाळावा, आजोबांनी अंथरुणात बिडी ओढू नये आणि त्या कपड्यांनिशी शेगडीजवळ जाऊ नये.

शरीराचे सांगणे

आता त्या डागाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहिला.

आत्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. पाळी जाऊन अठरा-वीस वर्षे लोटली होती. काही महिने ती भल्या पहाटे उठून आपले परकर स्वतःच धुऊन टाकीत असे. घरातल्यांना तिच्या टापटिपीचे कौतुकच वाटले. एके सकाळी न्हाणीघरातील दांडीवरच्या परकरावर राहून गेलेली फिकट तपकिरी कड सुनेच्या नजरेस पडली. सुनेने आवाज न चढविता विचारले, ‘आत्ती, हे कधीपासून?’ आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हातारपणी हे कुणाला सांगायचं?’ डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा तिचे उत्तर होते, ‘उन्हाळ्यात दिसलं पहिल्यांदा.’ त्या दिवशी दिवाळी आठ दिवसांवर होती.

तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. तो गर्भाशयाबाहेर पसरलेला नव्हता, म्हणून शस्त्रक्रियेवर भागले. त्यानंतर आत्या नऊ वर्षे जगली. परंतु उन्हाळा ते दिवाळी हे सहा महिने तिने थंड पाण्यात धुऊन टाकले होते, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

पाळी पूर्ण थांबून एक वर्ष झाल्यानंतर दिसणारा रक्ताचा कोणताही डाग, मग तो थेंबभर असो वा फिकट तपकिरी, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलाच पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधे निघते. अस्तर पातळ झाल्यानेही असे होते. पण ते साधे आहे हे ठरविण्याचा अधिकार तपासणीचा आहे, आपल्या संकोचाचा नव्हे.

असेच आणखी काही डाग आहेत. पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या अंतर्वस्त्रावर लघवीतून आलेले रक्त दिसले आणि दुखत नसले, तरी दुर्लक्ष करू नये. न दुखणारे रक्त हे समाधान मानण्याचे कारण नाही. आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का, एवढे मात्र आठवून पाहावे. शौचाचा डाग डांबरासारखा काळा, चिकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त असेल, तर तो पोटातील रक्तस्रावाचा असू शकतो. लोहाच्या गोळ्या चालू नसताना असे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि गोळ्या चालू असतानाही चक्कर, घाम, अशक्तपणा असेल तर थांबू नये. पोलक्याच्या आतील बाजूस स्तनाग्राजवळ रक्ताळ ठिपका दिसला, तर तोही दाखवावा. लघवीचे डाग गर्द पिवळे आणि डोळेही पिवळे असतील, तर कावीळ तपासावी. लघवीच्या जागी मुंग्या लागतात म्हणून मधुमेह ओळखण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे. ती केवळ इशारा समजावी आणि रक्त तपासून खात्री करावी.

मधुमेह असलेल्यांसाठी पायांकडील कापड फार महत्त्वाचे. पायांची संवेदना कमी झालेली असते; टाचेला काटा रुतला, चपलेने अंगठा सोलला, तरी कळत नाही. अशा वेळी चादरीच्या पायथ्याशी किंवा मोज्यावर उमटलेला ओला पिवळसर डाग ही जखमेची पहिली बातमी असते. म्हणूनच मधुमेहींनी पांढरे किंवा फिक्या रंगाचे सुती मोजे वापरावेत, असा सल्ला दिला जातो. मोजे काढताना त्यांची आतील बाजू रोज पाहावी. कोल्हापुरी चपलेच्या आतील तळव्यावरही नजर टाकावी.

धुताना आणि विचारताना

रक्ताचा डाग गरम पाण्यात कधीही घालू नये. उष्णतेने रक्तातील प्रथिने गोठतात आणि डाग धाग्याला धरून बसतो. थंड पाणी व थोडे मीठ पुरे. लघवी लागलेल्या चादरी आधी साध्या पाण्याने भरपूर खळबळाव्यात. त्या तशाच ब्लीचमध्ये बुडविल्या तर लघवीतील अमोनिया व ब्लीच यांच्यापासून डोळे आणि श्वासनलिका जाळणारी वाफ निघते. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल ही दोन द्रव्ये तर कधीच एकत्र करू नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात, दम्याच्या माणसाच्या खोलीशेजारी हे अधिकच घातक. शौचाने खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, शक्य तितके गरम पाणी वापरावे, उन्हात वाळवावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. अंथरुणावर मेणकापड आणि त्यावर जुन्या लुगड्याची मऊ दुपटी घातल्यास शुश्रूषा करणाऱ्याचा भार पुष्कळ हलका होतो.

नवा, अनोळखी डाग दिसला तर धुण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. रंग कोणता, कापडाच्या कोणत्या भागावर, पहिल्यांदा कधी दिसला, या तीन गोष्टी औषधांच्या वहीत तारखेसह लिहाव्यात. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. कारण तपासणीच्या वेळी डाग नसतो आणि वृद्ध माणूस बहुधा ‘काही नाही, बरं आहे’ असेच सांगतो.

शेवटी विचारण्याची रीत. अंथरूण ओले झाले की ‘पुन्हा भरवलंत?’ हे शब्द थकलेल्या माणसाच्या तोंडून निघून जातात. शुश्रूषा करणाऱ्याचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो, हे खरे. परंतु ते एक वाक्य ऐकल्यानंतर वृद्ध माणूस डाग लपवू लागतो. चादर उलटी करतो, परकर पहाटे धुतो, मोजा गादीखाली सारतो. त्यासोबत डागाने दिलेली सूचनाही लपते. त्याऐवजी ‘आई, हे कधीपासून होतंय? दुखतंय का?’ एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. वाचकांमधील ज्येष्ठांनाही एक विनंती आहे. आपल्या कपड्यावर काही वेगळे दिसले, तर ते कापड बादलीत टाकण्यापूर्वी घरातील एका तरी माणसाला दाखवा. लेकीला, सुनेला, नातीला, जिच्याशी मन मोकळे करता येईल तिला.

आत्याच्या घरातील दोरीवर आजही पाचटाची काजळी येऊन बसते. तिची नात कपडे काढताना आधी बघते, मग झटकते, मग पाण्यात घालते. तोच क्रम चादर, परकर आणि पायमोजा यांनाही लागू आहे.